साडेसहा आरातली हॉकी

हॉकीचं मोठं मैदान 91.40 मीटर लांब आणि 55 मीटर रुंद असतं. सातबाऱ्याच्या भाषेत पन्नास आर, म्हणजे सव्वा एकर. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या नेर-दारव्हा पट्ट्यात सव्वा एकर सपाट जागा कोणी पोरींना खेळायला मोकळी सोडली, तर लोक आधी त्याच्या तब्येतीची चौकशी करतील आणि मग वारसांची. इनडोअर हॉकीला मात्र 36 बाय 18 मीटर पुरतात. साडेसहा आर. फारच ऐसपैस म्हटलं तर 44 बाय 22, तेही दहा आराच्या आतच. एवढ्या जागेत आमच्याकडे गोठा, कुटाराची गंजी आणि शेजाऱ्याशी तीन पिढ्या चाललेली धुऱ्याची केस आरामात मावते.

हा हिशोब मला सुचला तो 2025 च्या फेब्रुवारीत. क्रोएशियातल्या पोरेच या समुद्रकाठच्या गावी महिलांचा इनडोअर हॉकी विश्वचषक चालला होता. (पुरुषांचाही तिथेच होता. तो ज्यांना पाहायचा त्यांनी पाहिला असेल.) तिथे संध्याकाळचे सहा वाजले की आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. गव्हाच्या ओलितासाठी लाईन रात्रीची होती, त्यामुळे घरातला माणूस बॅटरी आणि काठी घेऊन वावरात, आणि मी घरी जागी. मोटर बंद पडली, डीपीवर फ्यूज उडाला, रोही शिरले, काहीही झालं की त्याचा फोन यायचा, आणि फोन आला की मोबाइलवरची मॅच गायब. क्रिकेटमध्ये असा फोन आला तर फारसं बिघडत नाही. इनडोअर हॉकीत तेवढ्यात दोन गोल होऊन जातात. 2023 च्या विश्वचषकात, दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियात, नेदरलँड्सच्या मुलींनी ऑस्ट्रियाविरुद्धची फायनल 7-1 अशी जिंकली होती. फायनल असून सात गोल! मोठ्या मैदानावरच्या हॉकीत आठवडाभर खेळून एखाद्या संघाचे एवढे होतात.

मी स्वतः हॉकी खेळलेली आहे, पण उघड्यावरची. अमरावतीला वसतिगृहात असताना मुरमाच्या मैदानावर, फाटक्या शूजमध्ये. आमच्या सरांना हॉकीतलं एकच शास्त्र ठाऊक होतं: चेंडू दिसला की हाण. त्यामुळे पोरेचमधला खेळ पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी बराच वेळ कोणीतरी हाणेल म्हणून वाट पाहत बसले. कोणी हाणलंच नाही. इनडोअरमध्ये हिट मारायलाच बंदी आहे. चेंडू ढकलायचा, वळवायचा, दिशा द्यायची, बस. उचलायचाही नाही. चेंडू हवेत जाऊ शकतो तो फक्त डीच्या, म्हणजे गोलासमोरच्या अर्धगोलाच्या, आतून गोलावर शॉट घेताना, आणि डी तरी केवढी, तर नऊ मीटरची. एका वेळी एका बाजूच्या सहाच जणी आत, गोली धरून. बाकीच्या सहा बाकावर, आणि बदली केव्हाही, खेळ न थांबवता. दहा-दहा मिनिटांचे चार भाग. दोन लांब बाजूंना दहा सेंटिमीटर उंचीच्या लाकडी पट्ट्या, आतल्या अंगाने किंचित कललेल्या. त्यांना बोर्ड म्हणतात. चेंडू त्यांच्यावर आपटून परत आत येतो, म्हणून साइडलाइनबाहेर जाऊन खेळ थांबणं, वाद, दम खाणं असलं काही फारसं होत नाही.

या बोर्डांनी मला त्या रात्री झोपू दिलं नाही. मोठ्या मैदानावर पास द्यायचा तर आपली मैत्रीण दिसावी लागते, मोकळी असावी लागते. इथे समोरची वाट बंद असली तरी चालतं. चेंडू तिरका लाकडावर घालायचा आणि तो पलीकडे कोणत्या कोनातून निघेल ते ओळखून मैत्रिणीने आधीच तिथे पोचायचं. जर्मन आणि डच मुली हे इतक्या सहज करतात की काही वेळाने वाटायला लागतं, लाकडालाच अक्कल आहे.

आणि त्यांचं वाकणं. डिफेन्समधली मुलगी स्टिक फरशीला अगदी आडवी चिकटवते, डावा हात जमिनीपासून बोटभर वर, मांड्या जवळजवळ पोटऱ्यांना टेकलेल्या, आणि त्याच स्थितीत डावीकडून उजवीकडे सरकत राहते. गुडघा टेकवून चेंडू खेळला की फाऊल. मोकळा हात टेकवला तरी फाऊल. आडवं पडून खेळायची मुभा एकट्या गोलीला, तीही तिच्या डीमध्ये. मी ते पाहत होते आणि मला आमच्या निंदणाच्या बाया दिसत होत्या. कपाशीच्या तासात सकाळपासून दुपारपर्यंत अशाच उकिडव्या, गुडघा न टेकवता, विळा जमिनीला घासून, तास संपेपर्यंत सरकत जाणाऱ्या. फरक एवढाच की पोरेचच्या मुलींना दोन मिनिटांनी बदली मिळत होती.

ही उपमा मी शाळेत सांगितली तेव्हा नववीतल्या एका पोरीने लगेच विचारलं, "मॅडम, मंग आमची प्रॅक्टिस त झालीच न वो?"

खेळ कुठून आला ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. 1950 च्या दशकात जर्मनीत हा प्रकार रुजला. हिवाळ्यात तिथली मैदानं गोठतात, बर्फाखाली जातात. हॉकीवाले तीन-चार महिने घरी बसायला तयार नव्हते, म्हणून ते व्यायामशाळांच्या हॉलमध्ये शिरले. हॉलमध्ये हिट मारली तर कोणाचे तरी दात पडणार, म्हणून हिट बंद. हॉल लहान, म्हणून माणसं कमी. भिंत जवळ, म्हणून बोर्ड. म्हणजे कोणी विद्वानाने टेबलावर बसून नियम काढलेले नाहीत, हवामानाने काढून दिले. 1968 मध्ये आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाने त्यांना मान्यता दिली आणि 2003 मध्ये जर्मनीतच, लाइपझिगला, पहिला इनडोअर विश्वचषक झाला, महिलांचा आणि पुरुषांचा एकत्र. महिलांचा जर्मनीने जिंकला. 2007 ला व्हिएन्नात नेदरलँड्स, 2011 ला पोझनानमध्ये जर्मनी, 2015 ला पुन्हा लाइपझिगला नेदरलँड्स, 2018 ला बर्लिनमध्ये जर्मनी, 2023 ला नेदरलँड्स. आळीपाळीने, दोन शेजारणींनी एकच इस्त्री वापरावी तसं चाललं होतं. 2025 ला पोरेचमध्ये पोलंडच्या मुलींनी ती साखळी तोडली. तो निकाल कळला तेव्हा मी इकडे खुर्चीतून उठले होते, आणि घरात कोणालाही कशासाठी ते समजावता आलं नाही.

बर्लिनचं नाव निघालं म्हणून एक आडवळण. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये भारताने हॉकीच्या फायनलला जर्मनीला 8-1 हरवलं, ध्यानचंद कप्तान होते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच ऑलिम्पिकला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक गेलं होतं आणि त्यांनी तिथे कबड्डी आणि आपले देशी व्यायामप्रकार करून दाखवले होते, हे मात्र अमरावतीबाहेर फारसं कोणी सांगत नाही. वऱ्हाडातली माणसं तेव्हा बोटीने जर्मनीला जाऊन आपला खेळ दाखवून आली. तिकडचा खेळ इकडे आणायला मात्र कोणाला घाई झाली नाही. घाई करण्याचं कारणही नव्हतं म्हणा. आपल्याकडे बर्फ कुठे पडतो?

तर मुद्दा तोच आहे. बर्फ पडत नाही, पण आमचा चिखल त्याहून बरा नाही.

ज्याने काळी कसदार जमीन पावसात पाहिलेली नाही, त्याला हे कळायचं नाही. जुलैत दोन चांगले पाऊस झाले की आमची माती पायाला धरते, चपलेला धरते, चाकाला धरते. शाळेच्या मैदानातून ऑफिसपर्यंत जाईस्तोवर प्रत्येक पोरीच्या बुटाखाली बोटभर जाडीचा थर असतो. हॉकीचा चेंडू त्यात ठेवला की तिथेच बसतो, ढकलला तर रुततो. आणि उन्हाळ्यात हीच जमीन भेगाळते, भेगा अशा की चेंडूच काय, पोरीचा पाय घोट्यापर्यंत जावा. कपाशीला हीच माती सोन्यासारखी मानवते, हॉकीला मुळीच नाही. आता गंमत बघा: तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या शालेय स्पर्धा होतात त्या साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास. म्हणजे ज्या महिन्यांत आमचं मैदान चिखल असतं, नेमक्या त्याच महिन्यांत आमच्या पोरींनी तयार असलं पाहिजे. मग शहरातल्या, मुरूम टाकलेल्या मैदानाच्या शाळा जिंकतात आणि आमच्याकडचे लोक म्हणतात, "खेड्यातल्या पोट्ट्यांमध्ये दमच नाही."

झारखंडकडे बघा. सलीमा टेटे सिमडेगा जिल्ह्यातल्या बडकीछापर या लहानशा गावातली. ती भारताची कप्तान झाली. निक्की प्रधान खुंटी जिल्ह्यातल्या हेसलची. त्या भागात गावोगाव खस्सी टूर्नामेंट होतात, जिंकलेल्या संघाला बकरा. बांबूच्या काठ्यांनी, उघड्या पायांनी, वर्षभर. त्यामागे त्यांची परंपरा आहे, मिशनच्या शाळा आहेत, वसतिगृहं आहेत, हे खरंच. पण पाऊस पडून गेला की निचरा होणारी त्यांची लाल, खडकाळ जमीनही त्यात आहे, असं मला राहून राहून वाटतं. हे माझं मत, कोणा भूगोलवाल्याचं नाही. कपाशीच्या मातीवर बकऱ्यासाठी हॉकी खेळायची म्हटलं तर जुलैत बकरासुद्धा मैदानात यायचा नाही.

वर जाण्याची वाट टर्फची. 1976 च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकपासून हॉकी कृत्रिम गवतावर गेली आणि त्याच ऑलिम्पिकला भारत सातवा आला. तेव्हापासून आपण टर्फच्या नावाने रडतोय. टर्फला कोट्यवधी रुपये लागतात ते एक. आणि ज्या टर्फवर मोठे सामने होतात त्यावर खेळाआधी पाणी मारावं लागतं. आमच्या जिल्ह्यात मे महिन्यात बायका टँकरच्या मागे गुंडाभर पाण्यासाठी धावतात. तिथे हॉकीच्या गवताला पाणी पाजा म्हणून मी कोणत्या तोंडाने ग्रामसभेत उभी राहू?

छोट्या मैदानाची हॉकी आपल्या मुलींना जमत नाही असं कोणी म्हणू नये. 2024 च्या जानेवारीत रांचीत आपल्या महिला संघाचं पॅरिस ऑलिम्पिकचं तिकीट हुकलं, उपांत्य सामन्यात जर्मनीने शूटआऊटवर हरवलं, मग तिसऱ्या जागेसाठी जपानने 1-0. सगळा देश हळहळला. त्याच महिन्यात मस्कतला हॉकी फाइव्हजचा महिलांचा पहिला विश्वचषक झाला. पाच-पाच जणींचा, बोर्ड लावलेल्या लहान मैदानाचा खेळ. त्यात आपल्या मुली फायनलपर्यंत गेल्या. नेदरलँड्सने 7-2 असं हरवलं, पण दोनांपैकी एक गोल आपल्या महाराष्ट्राच्या ऋतुजा पिसाळचा. रौप्यपदक. त्याची बातमी आमच्या पेपरात खेळाच्या पानावर खाली, एका क्रिकेटपटूच्या दुखऱ्या मांडीच्या शेजारी होती. आणि पोरेचला, वर्षभराने, आपल्या मुलींचा संघच नव्हता. लहान जागेचा खेळ आपल्याला कमी प्रतीचा वाटतो, हे त्यामागचं खरं दुखणं. युरोपात मात्र मोठ्या मैदानावरच्या खेळाडू हिवाळा आला की हॉलमध्ये शिरतात आणि वसंतात हात अधिक साफ करून बाहेर येतात.

तेव्हा त्यांचा जसा हिवाळा, तसा आपला पावसाळा. एवढी साधी गोष्ट मला सुचायला रात्रीची लाईन आणि क्रोएशिया लागलं.

हॉल कुठून आणायचा? मंगल कार्यालय गावात आहे, पण त्याची फरशी गुळगुळीत स्टाइलची, आणि मालकाने आधीच विचारलं होतं की काच फुटली तर कोण भरणार. बाजार समितीचा उपबाजार आहे, त्याचं लिलावाचं शेड आहे. वर टीन, खाली कोबा, चारी बाजूंनी उघडं. दिवाळीच्या आधीपासून तिथे सोयाबीन, मग तूर, मग हरभरा. तेव्हा तिथे पाय ठेवायला जागा नसते. उन्हाळ्यात टिनाखाली भाजून निघतो माणूस, तेव्हा नकोच. पण जून ते सप्टेंबर? पेरणी होते, गावचा माल संपलेला असतो, अडते ताश कुटत बसतात. शेड रिकामं. आत वारा, वर पावसाचा आवाज, खाली कोरडा कोबा. जणू कोणी हॉकीसाठीच बांधून ठेवलंय आणि सांगायचं विसरलंय.

समितीच्या सचिवाने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, तालुक्याले ग्राऊंड हाय न. इथं कायले?"

मी त्याला चिखल, बर्फ, जर्मनी, सगळं सांगितलं. जर्मनी त्याला पटलं नाही. पण त्याची स्वतःची पुतणी आमच्या शाळेत आठवीत आहे हे मला ठाऊक होतं, आणि त्याला ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. शेड मिळालं. अट एक: दसऱ्याच्या आत सगळं सामान उचलायचं, सोयाबीनचा पहिला कट्टा आला की पोरी बाहेर.

टेप लावून मोजलं तेव्हा लांबी पुरली, रुंदी नियमापेक्षा कमी भरली. चालवून घेतलं. बोर्डासाठी दुकानातलं लाकूड परवडणारं नव्हतं. गावात एक जुनं माळवदाचं घर पाडत होते, तिथले सागवानी वासे मिळाले. सुताराने त्यांना रंधा मारून आतल्या बाजूने किंचित उतार दिला. त्याला मी मोबाइलवर चालू मॅच थांबवून बोर्ड दाखवला होता. त्याने तो भाग मागे-पुढे करून बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "हे साऱ्या पोरीच हायेत?" मग दुसरं काही न विचारता कामाला लागला.

पहिल्या दिवशी खेळ झालाच नाही. कोब्याच्या जोडांमध्ये गेल्या हंगामाचे सोयाबीनचे दाणे अडकून बसले होते. गोल, पिवळे, टणक. त्यावर बूट पडला की बूट पुढे आणि पोरगी मागे. दोघी पडल्या. मग सगळ्याजणी ओळीने बसून काडीने एकेक जोड कोरत होत्या. निघालेले दाणे एकीने ओढणीच्या टोकाला बांधून घरी नेले, कोंबड्यांसाठी. कोब्यावरून चेंडू जातो कसा, ते मात्र सांगितलं पाहिजे. मुरमावर तो उड्या मारत जायचा आणि येईस्तोवर आपण श्वास घ्यायचो. इथे स्टिकला लागला की सर्रकन निघतो, वाशाला ठक्क होऊन परत येतो, आणि त्या ठक्कनंतर जी पोरगी विचार करायला थांबली तिच्या पायाला लागतो. पहिले काही दिवस प्रत्येकीच्या घोट्यावर निळे डाग होते. मग घोट्यांनी शिकून घेतलं.

गोली कोणी व्हायला तयार नव्हती. गोलीचं पूर्ण किट आमच्या आवाक्याबाहेर. पोरांच्या क्रिकेटचे जुने पॅड, एक मोटरसायकलचं हेल्मेट (काच काढलेलं) आणि छातीला गोणपाटात कापूस भरून शिवलेला गादीचा तुकडा, असं साधून घेतलं. उचललेला शॉट मात्र आम्ही घेतच नाही, अशा सामानावर तो खेळ करायचा नाही. गोल जमिनीवरूनच. नियमांशी ही तडजोड मी हौसेने केलेली आहे आणि कोणा महासंघाला उत्तर द्यायला मी बांधील नाही.

शाळेत खेळाच्या शिक्षकाची जागा रिकामी आहे. मी शिकवते मराठी. त्यामुळे नियमांचं पुस्तक मोबाइलवर वाचून, रात्री मॅच बघून, सकाळी पोरींपुढे. पंच म्हणून मला मिळाले शेडमधले मापारी काका. उभा जन्म त्यांनी काटा धरलाय. अडत्याचं ऐकायचं नाही आणि शेतकऱ्याच्या डोळ्यातलं पाणी बघायचं नाही, ही सवय लागलेला माणूस पंच म्हणून कसा असतो ते मी पाहिलंय. फाऊल म्हणजे फाऊल. पुतणी असो की नात.

त्यांना सगळ्यात आवडलेला नियम वेगळाच निघाला. इनडोअरमध्ये बोर्ड आणि कोपरे असल्यामुळे एखादी मुलगी चेंडू घेऊन कोपऱ्यात शिरली की समोरच्या दोघी-तिघी स्टिक आडव्या टाकून तिला तिथेच कोंडू शकतात. म्हणून नियमच आहे: कोंडलेल्या खेळाडूला चेंडू बाहेर काढता येईल एवढी फट ठेवावीच लागते. कितीही जणी असोत. न ठेवली तर फाऊल कोंडणाऱ्यांचा. मापारी काकांनी हे मला दोनदा वाचायला लावलं. म्हणाले, "हा नियम लिहिणारा कोनी बाई असन." कोण होतं देव जाणे. पण तेव्हापासून कोपऱ्यात गर्दी झाली की ते शिट्टीच्या आधी ओरडतात, "फट ठेवा, फट!" आणि अडते ताश टाकून बघायला लागतात.

ते बघणं, हाही एक विषय आहे. उघड्या मैदानावर आमच्या पोरी खेळायला उतरल्या की रस्त्याने जाणारा प्रत्येक जण थांबायचा, मोटरसायकल बंद करून. म्हणून मला आधी वाटलं होतं, शेड बरं, आडोसा होईल. पण शेड चारी बाजूंनी उघडं, आणि पावसात सगळा गाव तिथेच आसऱ्याला. पहिल्या आठवड्यात पोरी ओढण्या सांभाळत खेळल्या. कोणीतरी एक शेरा मारला, दोघं हसले. त्या दिवशी एक हमाल उठला, शंभर किलोचा कट्टा पाठीवर घेणारा माणूस, आणि त्या दोघांच्या शेजारी जाऊन नुसता बसला. काही बोलला नाही. तंबाखू मळत बसला. शेरे थांबले. ओढण्या पुढे आपोआप कमरेला बांधल्या गेल्या. युरोपातल्या हॉलला दार असतं, तिकीट असतं. आमच्याकडे तो हमाल आहे.

घरच्यांचं पटवणं याहून अवघड गेलं. आया भाबड्या नाहीत, हिशोबी आहेत, आणि त्यांचा हिशोब चुकीचा नाही. पावसाळा म्हणजे निंदणाचे दिवस. शनिवार-रविवारी पोरगी मजुरीला गेली तर वही-पेनाचे पैसे सुटतात. एका आईने मला थेट विचारलं, "गुडघे फोडून घरी बसली त निंदाले कोन जाईन?" दुसरीने विचारलं, "याचे दहावीत मार्क भेटते का?" ग्रेस गुणांसाठी स्पर्धा मान्यताप्राप्त लागते, ठरावीक पातळीपर्यंत जावं लागतं, हे मी तिला खरं खरं सांगितलं. आमचा शेडातला खेळ कोणत्या कागदात बसतो? सध्या तरी कशातच नाही. पण शेडात हात बसलेल्या पोरी शालेय स्पर्धेत उघड्यावर उतरतील तेव्हा ते गुण मागायला निदान उभ्या तरी राहू शकतील. ती म्हणाली, "मंग सकाळीच घेत जा, सातच्या आत. आठ वाजता मजूर निघते." तेव्हापासून आमची प्रॅक्टिस साडेपाचला असते. जर्मनीत बर्फ वेळ ठरवतो, इकडे निंदण.

पोळ्याच्या नंतरच्या रविवारी पलीकडच्या गावच्या शाळेशी सामना ठरला आहे. त्यांच्या पोरी धिप्पाड, मोठ्या मैदानावरच्या, रस्त्याच्या कामाचा मुरूम पडलेल्या माळावर खेळून हात तयार झालेल्या. त्यांच्या सरांचा निरोप आला की हॉकी म्हणजे हॉकी, हिट चालू ठेवा, नाहीतर आमच्या मुलींवर अन्याय होतो. मी उत्तर टाइप करत बसले होते, नियमाचा क्रमांक वगैरे शोधून, शक्य तितक्या सभ्य भाषेत. आमची गोली, ती हेल्मेटवाली, माझ्या खांद्यावरून वाचत होती. तिने फोन मागितला नाही, सल्लाही दिला नाही. स्टिकला चिकटलेलं गोणपाटाचं सूत काढत म्हणाली, "येवढं कायले लिहिता, मॅडम? हिट माराची असन त वावरात चाला म्हना. आमच्या शेडात पुशच चालन."

तेवढंच पाठवलं. शुद्धलेखन सुधारून.